पावसातला धनेश, कोरड्या मुलखातला धनेश

सोलापुरातून पश्चिमेकडे निघालेला रत्नागिरीचा महामार्ग मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर मागे टाकत आंबा घाटातून कोकणात उतरतो. सकाळी निघालेली गाडी संध्याकाळपर्यंत समुद्राजवळ पोहोचते. एवढ्याशा अंतरात पाऊस मात्र दसपटीने बदलतो. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही एकसारखा नाही. कोल्हापूर शहरात त्याच्या दुपटीच्या आसपास. आणि सह्याद्रीच्या माथ्यावर, गगनबावडा-आंबोलीच्या पट्ट्यात, पाच ते सात हजार मिलिमीटर. इकडे मंगळवेढ्याच्या काळ्या रानात जमिनीतल्या ओलीवर शाळू पिकतो. तिकडे झाडांच्या बुंध्यांवर शेवाळ चढलेलं असतं आणि फांद्यांवर आमरी फुलतात.

या दोन मुलखांना साजेसे दोन पक्षी आहेत. एकाच कुळातले, एकाच प्रजातीतले, दोघंही राखाडी, दोघांचीही चोच मोठी आणि बाकदार. एकाचं नाव राखी धनेश, शास्त्रीय भाषेत ऑसिसेरॉस बायरोस्ट्रिस. दुसरा मलबारी राखी धनेश, ऑसिसेरॉस ग्रिसियस. पहिला भारताच्या कोरड्या आणि मध्यम पावसाच्या सपाटीवरचा. दुसरा फक्त पश्चिम घाटातला, नाशिकच्या बाजूपासून दक्षिणेला केरळच्या टोकापर्यंत पसरलेल्या ओल्या जंगलांचा. जगात दुसरीकडे कुठेही तो नाही. त्यांचा तिसरा भाऊबंद श्रीलंकेत राहतो, आणि बराच काळ अभ्यासक त्याला मलबारीचीच एक उपजात मानत होते.

धनेश म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतो तो महाधनेश: चार फुटांपर्यंत लांबी, पिवळीधमक चोच, तिच्यावर शिरस्त्राणासारखा उंचवटा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या बोधचिन्हावर तोच आहे. कारवारकडून आलेला ‘विल्यम’ नावाचा महाधनेश सोसायटीच्या मुंबईतल्या कचेरीत १८९४ पासून १९२० पर्यंत राहिला, ही गोष्ट पक्षिमित्रांना ठाऊक असते. महाराष्ट्रात धनेशाच्या चार जाती आहेत. महाधनेश आणि मलबारी कवड्या धनेश हे दोघं रुबाबदार असल्यामुळे सगळी छायाचित्रं आणि सगळं कौतुक त्यांच्या वाट्याला जातं. उरलेले दोन राखाडी भाऊ मागे पडतात. मला मात्र हीच जोडी जास्त शिकवणारी वाटते. शरीराची घडण जवळजवळ सारखी, विणीची रीत सारखी; असं असताना एकाला साडेपाचशे मिलिमीटरच्या मुलखाच्या आसपास जगता येतं आणि दुसऱ्याला घनदाट छत्राशिवाय निभावत नाही, हे का, याचं उत्तर या दोघांना शेजारी ठेवूनच मिळतं.

आधी ओळख पटवून घेऊ. राखी धनेश सुमारे दोन फूट लांब, त्यात शेपटीचा वाटा मोठा. चोच काळपट, टोकाकडे पिवळसर, आणि वरच्या बाजूला पुढे टोक काढलेला छोटा उंचवटा. नराचा उंचवटा मादीपेक्षा मोठा असतो. शेपटीच्या टोकाला पांढरी किनार आणि तिच्या आत गडद पट्टा. मलबारी थोडा लहान. त्याच्या चोचीवर उंचवटा नाहीच, आणि दोघांना वेगळं ओळखण्याची ही सर्वांत खात्रीची खूण. नराची चोच नारिंगीकडे झुकणारी पिवळी. मादीची फिकट पिवळी, बुडाशी काळा डाग. डोळ्यावर रुंद फिकट भुवई, पोटावर पांढऱ्या बारीक रेघा, शेपटीखाली दालचिनीसारखा तांबूस रंग. राखी धनेशाचं वर्णन स्कोपोलीने १७८६ मध्ये केलं, मलबारीचं लॅथमने १७९० मध्ये. म्हणजे युरोपातल्या शास्त्रज्ञांच्या कागदावर दोघं चार वर्षांच्या अंतराने आले.

जंगलात मात्र डोळ्यांआधी कान कामाला येतात. राखी धनेशाची हाक किंचाळल्यासारखी, घारीच्या शिळेच्या जवळ जाणारी. शहरात ती ऐकणारे बहुतेक लोक घार समजून मान वर करत नाहीत. मलबारीचा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही. कोणीतरी खो-खो हसत सुटल्यासारखा तो सुरू होतो, चढत जातो, आणि धुक्यात झाड दिसत नसलं तरी पक्षी कोणत्या दिशेला आहे हे सांगून जातो. दाट पानांत जोडीदार एकमेकांना दिसत नाहीत, तिथे दूरवर पोहोचणाऱ्या अशा आवाजाचा उपयोग उघड आहे.

आता दोघांना जोडणारी गोष्ट. सगळ्या धनेशांच्या मानेतले पहिले दोन मणके एकमेकांना जुळलेले असतात, कारण एवढी चोच पेलायला तेवढा आधार लागतो. पापण्यांना केस असतात. समोर पाहताना स्वतःच्या चोचीचं टोक त्यांना दिसतं, त्यामुळे लहानसं फळही ते नेमकं टिपतात. जीभ आखूड असल्याने टोकाशी धरलेलं फळ घशापर्यंत पोहोचवायला ते मान मागे झटकून फळ उडवतात आणि झेलतात. पण या सगळ्याहून नवलाची आहे ती त्यांची वीण.

मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपायला घेते. त्यासाठी तिची स्वतःची विष्ठा, फळांचा चोथा, कधी नराने आणलेली माती एवढंच साहित्य लागतं. हे मिश्रण ती चोचीच्या चपट्या बाजूने थापते. काही दिवसांत ते वाळून कडक होतं आणि उरते एक उभी फट, चोचीचं टोक जाईल एवढी. मग मादी आपली उडण्याची आणि शेपटीची पिसं गाळून टाकते. आता ती ठरवूनही बाहेर पडू शकत नाही. अंडी, पिल्लं आणि ती स्वतः, सगळ्यांचं पोट पुढचे अडीच-तीन महिने एका नरावर अवलंबून. नर येतो, खोडाला धरून बसतो, चोचीने टकटक करतो, गळ्यातून एकेक फळ वर काढतो, टोकाशी आणतो आणि फटीतून आत देतो. एका खेपेत अशी कितीतरी फळं. पिल्लं फुटली की फळांच्या जोडीला किडे, सरडे, पाली, लहान पक्ष्यांची पिल्लंही येऊ लागतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं हवीत. ढोली स्वच्छ ठेवण्यासाठी मादी आणि पुढे पिल्लंही फटीतून नेमकी बाहेर शिटतात. मादीची पिसं पुन्हा येईपर्यंत पिल्लंही उडण्याच्या वयाला आलेली असतात आणि लिंपलेलं दार फोडलं जातं.

हे बंदिस्त होणं कशासाठी, याची कारणं अभ्यासक अनेक सांगतात: माकडं, साप आणि रानमांजरांपासून बचाव, ढोलीवर हक्क सांगणाऱ्या इतर पक्ष्यांना अटकाव. कारण कोणतंही असो, या रीतीची किंमत मोठी आहे. नर मेला तर ढोलीतल्या सगळ्यांवर उपासमारीची पाळी येते. सांधेदुखीवर धनेशाचं तेल गुणकारी असतं या समजापायी धनेश मारले गेले आहेत. त्या तेलाला वैद्यकीय आधार नाही, आणि फेब्रुवारी ते जूनच्या दरम्यान उडालेली एक गोळी एका पक्ष्यावर थांबत नाही.

दोघांची ही रीत एकच. वेगळेपणा सुरू होतो तो नराच्या गळ्यातल्या फळापासून. तीन महिने एकट्याने कुटुंब पोसायचं तर नराला रोज, न चुकता, उडत जाता येईल अशा अंतरात पिकलेली फळं हवीत. दोन्ही मुलखांत याची पहिली हमी देतात ते वड, पिंपळ, उंबर, नांद्रुक, पिंपरी, म्हणजे अंजीर कुळातली झाडं. त्यांची फळं बाराही महिने कुठे ना कुठे मिळण्यामागे एक चिमुकला कीटक आहे. वडाच्या फुलांचं परागीभवन एका खास जातीची अंजीर-माशी करते, उंबराचं दुसरी जात करते. या प्रौढ माशीचं आयुष्य एक-दोन दिवसांचं. एका झाडावरून बाहेर पडलेल्या माशीला तेवढ्या वेळात त्याच जातीचं, नेमक्या अवस्थेतली फळं असलेलं दुसरं झाड सापडलं नाही, तर तिचा वंश थांबतो आणि पाठोपाठ झाडाचाही. त्यामुळे एका भागातले सगळे वड एकाच वेळी पिकत नाहीत. प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. आंबे-जांभळं सरली तरी कुठला तरी वड लाल झालेला असतोच.

राखी धनेश जगतो तो या विखुरलेल्या हमीवर. माळरानाच्या कडेला, ओढ्याच्या काठाला, गावच्या पारावर, रस्त्याच्या दुतर्फा, एकेकटी उभी असलेली झाडं तो मनात नोंदवून ठेवल्यासारखा एकामागून एक गाठतो. पुण्यात, नागपुरात, मुंबईत जुन्या झाडांच्या आळ्यांत तो राहतो. चंदीगडने तर त्याला आपला राज्यपक्षी केलं आहे. त्याचा आहार ऐसपैस आहे: वड-पिंपळाच्या जोडीला करवंद, चंदन, मोई, धामण. पिवळ्या कण्हेरीची फळं माणसाला आणि गुराढोरांना विषारी, तीही तो खातो. सरडे, उंदीर, टोळ यांनाही ना नाही. कोरड्या मुलखात एका जातीच्या फळावर विसंबून चालत नाही. पावसाचा भरवसा नसला की झाडाचाही नसतो. जे मिळेल ते खाण्याची तयारी हेच त्याचं भांडवल.

मलबारीचं जग वेगळं. आंबा, राधानगरी, आंबोली, तिलारी इथल्या सदाहरित आणि निमसदाहरित जंगलात चालायला लागलं की दर काही पावलांवर झाडाची जात बदलते. अंजिराची झाडं इथेही पाया आहेत, पण त्यांच्यामध्ये तेलकट, सकस गराची रानफळं देणारी झाडं मिसळलेली असतात. रानजायफळाच्या आणि दालचिनीच्या नात्यातली ही झाडं आळीपाळीने पिकतात. तमिळनाडूतल्या अण्णामलाई डोंगरात दिव्या मुडप्पा यांनी मलबारी राखी धनेशाच्या विणीचा बारकाईने अभ्यास केला. या पक्ष्याच्या संसाराबद्दल आज आपण जे खात्रीने बोलतो त्यातलं बरंचसं त्या कामातून आलेलं आहे. फळांचा हा मोसम साधारण जानेवारी-फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंतचा, म्हणजे घाटात पावसाआधीचा काळ. मलबारीची वीण बरोबर त्यात बसते. राखी धनेशाची वीण थोडी उशिरा, भर उन्हाळ्यात, साधारण एप्रिलपासून जूनपर्यंत चालते. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा पहिला पाऊस पडून किड्यांचा सुकाळ झालेला असतो.

बदल्यात मलबारी जंगलाला काय देतो? बी. फळाचा गर पचवून तो बी अखंड ओकून टाकतो, अनेकदा मूळ झाडापासून बरंच लांब. महाधनेशाच्या घशात मावतात तेवढी मोठी फळं याला गिळता येत नाहीत, पण मध्यम आकाराच्या फळांचं काम हा करतो, आणि महाधनेशापेक्षा त्याची संख्या अधिक असल्याने हे काम लहान नाही. राखी धनेशही हेच करतो, फक्त त्याने टाकलेलं बी बहुतेकदा डांबरावर, गच्चीवर किंवा नांगरटीत पडतं. कुंपणाच्या बेचक्यात उगवलेलं चंदन किंवा भिंतीच्या भेगेतला पिंपळ हे त्याचं आणि बुलबुल-कोकिळांचं काम.

फळांइतकीच, किंबहुना त्याहून अवघड गरज आहे ढोलीची. धनेश ढोली कोरत नाही. फांदी मोडून आत कुजलेली, सुतारपक्ष्याने किंवा तांबटाने कोरून पुढे मोठी झालेली, अशी तयार ढोली त्याला हवी असते, आणि अशी ढोली तयार व्हायला झाडाला अनेक दशकं लागतात. दरवर्षी वृक्षारोपणाचे आकडे जाहीर होतात तेव्हा मला हे आठवतं. ग्लिरिसिडिया आणि सुबाभळीच्या रांगा धनेशाच्या कामाच्या नाहीत. त्यांच्यात ना ढोली, ना वडाचं फळ. सोलापूरच्या बाबतीत तर ही चूक दुहेरी होते. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये जाहीर झालं ते माळढोक या पक्ष्यासाठी, आणि माळढोकाला हवा मोकळा गवताळ माळ. माळावर झाडं लावली की माळढोकाची जागा जाते, आणि धनेशाला तर ती लावलेली झाडं आयुष्यभर उपयोगी पडत नाहीत. माळ माळ म्हणून राखावा आणि पारावरचा, ओढ्याकाठचा, रस्त्याकडेचा जुना वृक्ष वृक्ष म्हणून राखावा, एवढं साधं पथ्य दोन्ही पक्ष्यांना पुरेल.

रस्त्याकडेच्या वृक्षांचं काय होतं, हे याच रत्नागिरी-सोलापूर महामार्गावर पाहायला मिळालं. मिरज तालुक्यातल्या भोसे गावाजवळ सुमारे चारशे वर्षांचा मानला जाणारा एक वड रुंदीकरणाच्या आड आला. २०२० च्या जुलैमध्ये लोकांनी आवाज उठवला, सरकारदरबारी हालचाल झाली आणि आखणीत बदल करून मूळ झाड वाचवण्याचा निर्णय झाला. त्या एका वडाची बातमी झाली. त्याच रस्त्यावरचे बिनानावाचे शेकडो वड, कडुनिंब, चिंचा मात्र नोंद न होता गेल्या. प्रत्येक असा वड म्हणजे राखी धनेशाच्या फेरीतला एक थांबा. दोन थांब्यांमधलं अंतर वाढत गेलं की ढोलीतल्या मादीपर्यंत पोहोचणाऱ्या खेपा कमी होतात.

घाटात झाडं एकेकटी जात नाहीत, पट्ट्यांनी जातात. सिंधुदुर्गातलं बरंच जंगल खासगी मालकीचं आहे. दोडामार्गच्या बाजूला रबर, अननस आणि काजूसाठी त्याचे तुकडे साफ झाले. कर्नाटकात कोडगूच्या कॉफीमळ्यांत पूर्वी देशी झाडांची सावली असे आणि मलबारी धनेश तिथेही रमत असे. आता अनेक मळ्यांत त्या सावलीची जागा सिल्व्हर ओकने घेतली आहे. हिरवळ कायम दिसते, फळ आणि ढोली मात्र जाते. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने मलबारी राखी धनेशाला ‘असुरक्षित’ जातींच्या यादीत टाकलं. राखी धनेश अजूनही ‘चिंता नाही’ या रकान्यात आहे.

या रकान्याने निश्चिंत व्हावं असं मला वाटत नाही. देशभराचा आढावा घेऊन केलेली ती नोंद आहे. एखाद्या तालुक्यातला शेवटचा ढोलीचा वृक्ष पडला की त्या तालुक्यातून धनेश जातो, आणि यादीत काहीच बदलत नाही. मलबारीसाठी राधानगरीसारखं जंगल तरी आहे, जिथे दाजीपूरचं अभयारण्य १९५८ पासून उभं आहे, आणि २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालेलं तिलारी आहे. राखी धनेशासाठी अभयारण्य नसतं. त्याचं सगळं घर ग्रामपंचायतीच्या, बांधकाम खात्याच्या आणि शेतकऱ्याच्या बांधावरच्या झाडांत असतं.

जंगलापासून इतक्या दूर राहणाऱ्या सोलापूरच्या वाचकाला हे सांगताना मला संकोच वाटत नाही, कारण मराठीत जंगल आणणारा माणूसच सोलापूरचा. मारुती चितमपल्ली यांचा जन्म १९३२ मध्ये सोलापुरात झाला. वनखात्यात ३६ वर्षं त्यांनी नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट अशी रानं पालथी घातली, पक्षीकोश लिहिला, २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अखेरची वर्षं त्यांनी याच शहरात काढली आणि जून २०२५ मध्ये इथेच त्यांचं निधन झालं. ज्या गावाने असा माणूस दिला, त्या गावाला पक्ष्यासाठी कान द्यायला शिकवावं लागणार नाही.

तेव्हा सोलापूर जिल्ह्यात कुठे धनेश दिसलाच, तर तो राखी धनेश. मलबारी इथे येणार नाही. शोधायचा असेल तर पिकलेल्या वडाखाली सकाळी लवकर जावं आणि घारीसारखी शीळ आली की आकाशाऐवजी आधी झाडात पाहावं. पश्चिमेला आंबा घाटाकडे गेलात तर फेब्रुवारी-मार्चमध्ये हसल्यासारखा आवाज ऐकून थांबावं आणि चोचीवर उंचवटा आहे का ते पाहावं. घाटाच्या पायथ्याशी, जिथे दोन्ही मुलखांच्या सीमा मिळतात, तिथे दोघांपैकी कोणीही भेटू शकतो. ढोली ओळखायची खूण खोडावर नसून खाली जमिनीवर असते: शिटेचे पांढरे ओघळ, टाकलेल्या बियांचा सडा, मोसम सरताना त्या बियांची उगवलेली रोपं. त्या रोपांच्या पानांवरूनही नराने तीन महिने काय काय आणलं याचा अंदाज बांधता येतो. नर खाऊ घेऊन येतो तेव्हा माणूस जवळ दिसला तर तो दूरच्या फांदीवर थांबून राहतो आणि आतल्यांचं खाणं लांबतं. म्हणून दुर्बीण वापरावी, आडोशाला बसावं, खोडाजवळ जाऊ नये. तीच ढोली पुढच्या वर्षीही पाहावी, कारण सोयीची ढोली धनेश वर्षानुवर्षं वापरतात. पक्षी दिसल्याची नोंद ई-बर्डवर जरूर करावी. झाडाचा नेमका पत्ता मात्र तिथे लिहू नये. तो झाडाच्या मालकाला आणि वनरक्षकाला सांगावा, म्हणजे कुऱ्हाड लावण्याआधी त्यांना ते माहीत असेल.